काणे, बहुधा आयरिश

गेल्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी दुपारी, माझे साडू आयरिश झाले. पासपोर्टाचा काही संबंध नव्हता. त्यांनी स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमनेच तसा निकाल दिला. आडनाव काणे. इंग्रजीत लिहिले की त्याचे केन होते, आणि केन इथे आयर्लंडात गल्लोगल्ली आहेत.

रिकामा रकाना पाहून ज्याचा जीव कासावीस होतो, असा माणूस अख्ख्या आयर्लंडात हा एकच. साडू मेनूथला विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवतात. दवाखान्यांच्या नोंदींत पेशंटचा वंश पुष्कळदा लिहिलेलाच नसतो. मग आपल्या लोकांना मधुमेह लवकर गाठतो का, हे कळणार कसे? म्हणून आडनाव आणि पत्ता पाहून त्यांचा प्रोग्रॅम वंशाचा अंदाज बांधतो. अंदाजाची ही सवय घरापर्यंत आली आहे. ॲडम्सटाउनच्या गणपतीत त्यांचे लक्ष आरतीपेक्षा आडनावांकडे असते. आमटी अळणी लागली की बायकोला विचारतात, "मीठ शून्य आहे, की नोंद राहिलीय?" मेहुणी म्हणते, "मी माहेरची गोरे. तुझं मशीन मला तर गोरीच करून टाकेल. जेव आता."

केन प्रकरणानंतर मात्र ते अंदाजावरच रुसले. "नाव बघू नका, चेहरा बघू नका. माणसाला विचारा. तो सांगेल तेच खरं," हे त्यांनी दातांच्या डॉक्टरलाही ऐकवले, तेही तोंडात आरसा असताना.

एप्रिलमध्ये त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलीचा खेळताना हात मोडला. इस्पितळात मीही बरोबर होतो. काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता नाव वाचले.

"केन. वंश आयरिश लिहू ना?"

"अंदाज नको!" साडू गरजले. त्यांचे वडील मधुमेहाने गेले. लेकीच्या नोंदीत भारतीय असावे, पुढे डॉक्टरांनी तिला वेळेत तपासावे, एवढेच त्यांना हवे होते. "तिलाच विचारा."

बाईंनी विचारले.

"आयरिश," मुलगी म्हणाली.

"ग्रँड," असे इथल्या पद्धतीने 'ठीक' म्हणत बाई टाइप करू लागल्या.

"अगं पण बाळा, आजोबांना..."

"बाबा, यू ऑल्वेज से, आस्क द पर्सन."

 साडू तिचा धड हात हातात घेऊन बाकावर बसले. आत गेल्यावर आजोबांचा मधुमेह त्यांनी डॉक्टरांना तोंडी सांगितला.

रकान्यात अजून आयरिशच आहे.