निळं फडकं

कासारवाडी स्टेशनच्या रस्त्यावर युसुफभाईंचं फ्रेमचं दुकान आहे. पाटीवर नाव त्यांचं, पण अर्धं दुकान चालतं ते त्यांच्या बायकोच्या, कनीजच्या हातावर. लग्न होऊन आली तेव्हापासून देवांच्या तसबिरी, मक्का-मदिना, कंपनीतल्या सत्काराचे फोटो, सगळं तिनं पुसायचं आणि मगच काचेखाली जायचं. फडकं ओलं करून घट्ट पिळायचं, अलगद एकदा फिरवायचं. झालं काम.

त्या दुपारीही तिनं तेच केलं. चित्र फुलपाखरांचं होतं, इंग्रजांच्या काळातलं. कॉलेजात शिकवणाऱ्या योगिनी मॅडमनी आणलेलं. "काकू, बाबांची एवढीच आठवण उरलीय," असं म्हणून त्या गेल्या होत्या. नमाजाला निघताना युसुफही म्हणाला, "जुनं आहे, जपून." जुनं म्हणजे धूळ जास्त, असं आपल्या बाईनं धरलं! फडकं फिरवलं आणि मधल्या मोठ्या फुलपाखराचा पंख पांढराफटक पडला. निळा रंग सगळा फडक्यात.

"या अल्ला!" छापलेल्या चित्राचा रंग असा उतरतो कुठं? मग नीट पाहिलं तेव्हा कळलं, रेषा तेवढ्या छापील होत्या, रंग कुणीतरी बसून हातानं भरलेले. आता कळून काय उपयोग? कॉलेज सुटलं की मॅडम येणार होत्या.

आणि त्याआधी युसुफ येणार होता. माणूस मुळातच तापट, त्यात हल्ली विचारूच नका. फ्रेमचे कोपरे जुळत नव्हते, काच वाकडी कापली जात होती, आणि खापर फुटायचं करवतीवर, लाइटीवर, नाहीतर कनीजवर. हे बघितल्यावर तो दुकान डोक्यावर घेणार. फडकं तिनं मुठीत दाबून ओढणीखाली लपवलं.

तो आला. चित्र उचलून दाराच्या उजेडात धरलं, अगदी नाकाशी नेलं.

"वा! मधल्या पंखाचा निळा बघ कसा टिकलाय," तो म्हणाला. "आता मिळेल का असा रंग?"

तिला वाटलं, टोमणा मारतोय. पण चेहरा सरळ होता. मग तिला ते जुळत नसलेले कोपरे आठवले. त्याच्या बोटांवरच्या पट्ट्या आठवल्या. हायवे ओलांडताना तो हल्ली तिचा हात धरायचा, आणि ती वेडी या वयातही लाजायची. मघाची भीती काहीच नव्हती, अशी भीती आता तिला वाटली.

"अहो," ती कशीबशी बोलली, "तिथं निळं काही उरलं नाही. माझ्याकडून पुसलं गेलं."

तो बोट कागदावर फिरवू लागला आणि ते भलत्याच फुलपाखरावर थांबलं.

"डोळ्यांचं कुणाला सांगू नकोस," तो हळूच म्हणाला. "दुकान बसेल गं."

बाहेर स्कूटर थांबली. "झालं का काका?" योगिनी मॅडमचा आवाज आला. युसुफनं घाईघाईनं काच कापायचा हिरा उचलला. कनीजनं तो त्याच्या हातातून काढून घेतला, पुढं झाली आणि निळ्या फडक्याची मूठ उघडली.

"मॅडम, तुमचं चित्र माझ्या हातून खराब झालं."

मॅडम रडल्या, मग चिडल्या, बोलत राहिल्या. कनीजला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. मागून युसुफनं तिचा हात धरला होता, हायवे ओलांडताना धरतो तसा.