पेट्रोलला भिणाऱ्या मॅडम

"मला भीती वाटते, म्हणून विचारते."

मॅडमचं बोलणं बहुतेक वेळा याच वाक्याने सुरू व्हायचं. गणपतीच्या मांडवात वायर ओढणाऱ्या इलेक्ट्रिशियनला त्या हे म्हणायच्या, लिफ्टच्या दुरुस्तीला आलेल्या माणसाला म्हणायच्या, आणि गेटबाहेर वडापावची गाडी लावणाऱ्याला तर आठवड्यातून एकदा. त्यानंतर एखादा साधाच प्रश्न यायचा. सिलिंडरची नळी कधी बदलली? हा जोड उघडा का ठेवलाय? तुमच्या सोसायटीतही असं एखादं माणूस असेल आणि त्याच्या मागे तुम्ही हसत असाल. मोशीच्या आमच्या सोसायटीत त्यांना घाबरट मॅडम म्हणत. आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये त्या एकट्या राहायच्या. वर्षभर मीही हसलो.

चाकणला, गाडीच्या टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत नेणारे पंप आणि नळ्या बनवणाऱ्या एका कंपनीत त्यांनी पंचवीसेक वर्षं टेस्टिंगचं काम केलं होतं. त्यांच्या हाताखाली काम केलेला एक जण पुढे आमच्या कंपनीत, टूलरूमला आला. तो सांगायचा की मॅडम लाइनवर यायच्या, डोळे मिटायच्या, मान जरा पुढे काढून वास घ्यायच्या आणि बोट करून दाखवायच्या, इथून पाझरतंय. मशीन मागाहून तेच सांगायचं. कंपनीत त्यांना कुणी मॅडम म्हणत नसे. नाक म्हणत. नाक आलं रे, की सगळे सरळ.

आई आजारी पडली म्हणून त्यांनी नोकरी लवकर सोडली, असं सगळ्यांना माहीत होतं. आईही पुढे गेली.

माझी त्यांच्याशी ओळख झाली ती वडिलांच्या गाडीमुळे. वडील गेल्यावर त्यांची पंचवीस वर्षांची जुनी पेट्रोल गाडी पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. विकवेना आणि चालवायला गाडीत दम नाही, अशी गत. भोसरीच्या एका गॅरेजवाल्या मित्राने भंगारात निघालेल्या गाडीचा टर्बो काढून दिला आणि मी तो बसवायला घेतला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्त हवा कोंबतो, म्हणून गाडीला जोर येतो.

एका रविवारी सकाळी बॉनेट उघडून मी मोठ्या फुशारीत उभा होतो. मॅडम भाजीची पिशवी घेऊन जात होत्या. थांबल्या. डोळे मिटून वास घेतला.

"मला भीती वाटते, म्हणून विचारते," त्या म्हणाल्या. "हवा वाढवलीस. पेट्रोल कोण वाढवणार?"

पिशवी बॉनेटच्या कडेला टेकवून त्यांनी मला समजावलं. हवा वाढली की तेवढं पेट्रोलही वाढलं पाहिजे. नाही वाढलं तर इंजिन आतून तापतं, आणि ऐन जोरात असताना पिस्टन वितळतो. टाकीतला जुना पंप पंचवीस वर्षांपूर्वीच्या भुकेसाठी होता. नव्या भुकेचा हिशोब कुणीतरी करायला हवा होता.

तो त्यांनी केला, कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे, पेन्सिलीने. पुढच्या रविवारी आम्ही जुन्या पंपाची नळी एका मापाच्या डब्यात सोडून एक मिनिट पंप चालवला. त्यांनी बॅटरी लांब ठेवायला लावली, माझा मोबाईल वर घरी पाठवून दिला, आणि त्या स्वतः आग विझवायचा लाल सिलिंडर कडेवर मूल घ्यावं तसा घेऊन उभ्या राहिल्या. पार्किंगमधून जाणारे हसत होते. डब्यात लागणाऱ्या पेट्रोलच्या जेमतेम निम्मंच जमलं.

मग नवा पंप आला, जाड नळी आली. हवेचा दाब वाढला की पेट्रोलचा दाबही तेवढाच वाढवणारा रेग्युलेटर आला, उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारी दुसरी नळी आली. रबराबद्दल मात्र त्यांनी मला तीनदा बजावलं. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते जुनं रबर खातं. रबराचा प्रत्येक तुकडा बदल. प्रत्येक.

मी सगळे बदलले. एक सोडून. मागच्या सीटखाली, टाकीच्या डोक्यावर, वीतभर लांबीचा एक तुकडा होता. त्याची क्लिप गंजून बसली होती आणि ती काढायला टाकी उतरवावी लागली असती. तुकडा वरून काळा कुळकुळीत, नव्यासारखा दिसत होता. त्या दिवशी दुपार झाली होती आणि मला भूक लागली होती. एवढंच कारण. दुसरं काही नाही.

"सगळे?" मॅडमनी विचारलं.

"सगळे," मी म्हणालो.

त्या मागच्या दारातून वाकून आत डोकावल्या. डोळे मिटले. बराच वेळ वास घेतला. मलाही पुसटसा वास येत होता, पण सकाळपासून माझे हातच पेट्रोलमध्ये होते. "ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि मला वाटलं, नाकाने पास केलं. संपलं.

पुढच्या रविवारी आम्ही गाडी चाकण-तळेगाव रस्त्यावर काढली. पेट्रोलचा दाब दाखवणारं घड्याळ पुढच्या काचेवर बाहेरून चिकटवलं होतं, कारण पेट्रोलने भरलेली कोणतीही नळी गाडीच्या आत आणायला त्यांची सक्त मनाई होती. त्या माझ्या शेजारी बसून काटा बघत होत्या. पुढे एक कंटेनर, मागे कुठल्याशा कंपनीची बस. रस्ता जरा मोकळा झाल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये मी पाय दाबला. टर्बोची शिट्टी वाजली आणि आम्ही मागे रेललो.

"चढतोय," मॅडम म्हणाल्या. "चढतोय. छान चढतोय." इतक्या महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

तेव्हा मला वास आला. आधी वाटलं, पुढच्या कंटेनरचा असेल. मग तो वाढला, घशात उतरला. मी मॅडमकडे पाहिलं. त्या शांतपणे काटा बघत होत्या. मॅडम काही बोलत नाहीत म्हणजे काही नसेल, या एका विचारावर मी आणखी अर्धा किलोमीटर गाडी चालवली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा मी विचारलं.

"मॅडम, वास येतोय ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरचं रक्त उतरलं.

"कसला?" त्या म्हणाल्या.

पेट्रोलच्या वासाने घाबरलो नव्हतो एवढा मी त्या एका शब्दाने घाबरलो.

पुढचं सगळं त्यांनीच केलं. पाय उचल, बाजूला घे, थांबलास की आधी चावी बंद. आवाज हलका आणि सपाट होता. गाडी थांबली तिथून दहा-बारा पावलांवर चहाची टपरी होती. स्टोव्ह पेटलेला, बाकावर दोघं जण बिडी ओढत बसलेले. गुडघ्याचं दुखणं असलेल्या मॅडम दोन्ही हात पसरून त्या टपरीकडे धावल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. पण टपरीवाल्याने त्यांच्या तोंडाकडे बघूनच स्टोव्ह विझवला आणि त्या दोघांनी बिड्या पायाखाली चिरडल्या.

मी दारं उघडून मागची सीट उचलली. खालचा फोम ओला होता. तो वीतभर तुकडा मधोमध उकलला होता आणि त्यातून थेंब पडत होते, पंपाच्या वायरीपासून चार बोटांवर. संध्याकाळी त्याच सीटवर माझी सहा वर्षांची मुलगी बसणार होती. फेरी नीट झाली की तिला फिरवून आणायचं मी कबूल केलं होतं. मी तिथेच खडीवर बसलो.

गॅरेजवाला दोरी घेऊन येईपर्यंत आम्ही टपरीच्याही पलीकडे एका दगडावर बसून होतो. मी कबूल केलं की तो तुकडा मी बदलला नव्हता, खोटं बोललो होतो. आता त्या काय बोलतील याची वाट बघत राहिलो.

"मला वास येत नाही," त्या म्हणाल्या. "कोविडमध्ये गेला. परत आलाच नाही."

मग हळूहळू सगळं सांगितलं. आजारातून उठून कामावर गेल्या तेव्हा वाटलं होतं, येईल महिन्याभरात. एक दिवस टेस्टिंगच्या टेबलावर पेट्रोल सांडलेलं आणि त्या शेजारी बसून रिपोर्ट लिहीत होत्या. दारातून आत येणारा हेल्पर ओरडला तेव्हा त्यांना कळलं. त्या दिवशी काही झालं नाही. त्याच आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला. आईचं आजारपण होतंच सांगायला.

मी विचारलं, मग अजून डोळे मिटून वास का घेता?

"लोक वाट बघतात रे," त्या म्हणाल्या. "मी डोळे मिटले की सगळे थांबतात. तेव्हा मी तुम्ही काय काय सांगितलंत ते आठवते. ते पटलं की ठीक म्हणते." मग म्हणाल्या, "त्या दिवशी तू सगळे म्हणालास."

मी त्यांच्या नाकावर विसंबलो होतो आणि त्या माझ्या शब्दावर. दोन्ही जागी काही नव्हतं. टपरीवाल्याने स्टोव्ह पुन्हा पेटवायची परवानगी मागितली, तेव्हा मॅडमनी त्याला वारा कोणत्या बाजूने आहे ते विचारलं.

मला वाटलं होतं, गाडीचं प्रकरण इथेच मिटलं. पण पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता त्यांनीच आमची बेल वाजवली. टाकी उतरवायला लावली. या वेळी सगळी रचना त्यांनी नव्याने काढली, नाक नसलेल्या माणसालाही कळेल अशी. इंजिन बंद पडलं की पंप आपोआप बंद पडेल, असा रिले बसवला. नळीत दाब भरून अर्धा तास काट्याकडे बघत बसायचं, तो केसभरही उतरता कामा नये. प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा कपटा, त्यावर डाग पडतो का बघायचं. सगळं झाल्यावर त्या मला म्हणायच्या, "आता तू वास घे. आणि खरं सांग." मी खरं सांगायचो. एकदा मला शंका आली तर त्यांनी अख्खा जोड पुन्हा खोलायला लावला.

माझ्या बायकोला, वैशालीला, मी सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. रागावलीच, दोन दिवस बोलली नाही. पण तिच्या डोक्यात वेगळंच चालू होतं. ती म्हणाली, मग त्या बाई गॅस कशा पेटवतात? दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी समोरच्या दारात जायला लागली. स्वयंपाकघरात उभी राहून वास घ्यायची, मग मॅडम शेगडी पेटवायच्या. दूध नासलंय का, कालची भाजी चालेल का, हे विचारायला मॅडम आमच्याकडे यायला लागल्या. कपाळाला हात लावत वैशाली म्हणायची, मावशी, हे दोन दिवसांपूर्वी टाकायला हवं होतं. मॅडमवरून मावशीवर ती कधी आली, ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

त्या रस्त्यावरची दुसरी फेरी मात्र आनंदाची झाली, असं मी म्हणणार नाही. काटा हवा तिथे गेला, हवा तेवढा वेळ थांबला, इंजिन गार राहिलं. मॅडम एका हाताने दाराचं हँडल धरून बसल्या होत्या आणि दर मिनिटाला मला विचारत होत्या, येतोय? मी म्हणत होतो, नाही. परत आल्यावर मी सीट उचलून बघितली. कोरडी. तरी मुलीला मागे बसवायला मला महिना लागला.

वर्षभराने मॅडमची धाकटी बहीण त्यांना श्रीरामपूरला घेऊन गेली. एकटीने राहायची भीती वाटते, असं त्यांनीच तिला कळवलं होतं. रविवारी त्यांचा फोन यायचा. गाडीचं विचारायच्या, मग वैशालीशी बोलायच्या.

एका सकाळी सहाच्या सुमाराला त्यांच्या नंबरवरून फोन आला. मी कंपनीच्या बसमध्ये होतो. त्यांची बहीण बोलत होती. ताई गेली, ती म्हणाली.

माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "गॅस?"

"नाही हो," ती म्हणाली. "झोपेतच. मी शेजारीच होते, मलासुद्धा कळलं नाही."

मला आधी हायसं वाटलं. खोटं कशाला सांगू? पहिल्यांदा हायसंच वाटलं. रडू नंतर आलं, चाकणच्या चौकात बस अडकली तेव्हा. आजूबाजूला सगळे माना टाकून झोपले होते. मी खिडकीची काच सरकवून तोंड बाहेर धरलं आणि पुढच्या गाड्या हलेपर्यंत तसाच बसून राहिलो.