वरची चार बटणं

टेलरताईच्या हाताला वेग होता आणि नाकावर राग. गल्लीतल्या बायका म्हणत, हिच्याकडे कापड टाकावं, घरी जाऊन चहा पिऊन यावं, तोवर कपडा तयार. फक्त मधे येऊन "झालं का?" असं विचारू नये. विचारलं की तोंडाचा पट्टा सुटायचा आणि मग कपडा अंगाला कितीही बसला तरी मनाला टोचायचा.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी मशीन, मधे कापायचं टेबल आणि भिंतीला टेकून आईची खुर्ची. आईनं त्या खुर्चीत बसून वर्षानुवर्षं एकच काम केलं, काज-बटण. लेकीनं शिवायचं, आईनं बटणं लावायची. दोरा फुलीसारखा घालायचा, मग बटणाखाली त्याच दोऱ्याचे घट्ट वेढे, मग गाठ, आणि ती गाठसुद्धा कापडात लपवायची. कपडा फाटेल पण बटण निघणार नाही, असं ती गिऱ्हाइकांना सांगायची आणि ते खोटं नव्हतं. लेकीला एवढा धीर कुठला? तिचा दोरा दोन सरळ टाके घालून मोकळा व्हायचा. आई ते बटण बोटानं हलवून बघायची, तोंड वाकडं करायची आणि कपडा मुकाट्यानं बाजूला ठेवायची. ताईची पाठ वळली की ते बटण उसवून पुन्हा लावलं जाई. ताईला हे माहीत होतं. माहीत असूनही ती सरळ टाकेच घालत राहिली, कारण मागे आई होती.

मग आईचं डोकं हळूहळू विस्कटायला लागलं. आधी नावं गेली, मग वार गेले. पोटच्या लेकीलाच कधी गिऱ्हाइकांसारखं ताई म्हणे, कधी नुसतं "अगं". त्यात उसवायचा एक नाद लागला. उशीचा अभ्रा उसवला, पडद्याची खालची पट्टी उसवली, एकदा स्वतःच्याच झग्याची बाही मोकळी करून बसली. ताईनं शेवटी काज-बटणही स्वतःकडे घेतलं आणि दिवसा आईजवळ बसायला एक मावशी ठेवली. मावशी भली होती. ताई मापं घ्यायला बाहेर गेली की काळजी नको म्हणून घरात ठेवलेल्या मोबाइलवर आजीचे फोटो काढून ठेवायची. आजी जेवताना, आजी खिडकीशी, आजी झोपलेली. ताई म्हणायची, बघते नंतर. ते नंतर काही आलं नाही.

दातांच्या डॉक्टरीणबाईंचा राखाडी कोट त्याच दिवसांतला. कोटाच्या मानानं मोठी काळी बटणं, पुढे एकाखाली एक सहा. ताईनं तो घाईघाईत संपवून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि दुसऱ्या एका घरी मापं घ्यायला गेली. तिथं त्या बाईनं तीनदा मत बदललं. ताई परत आली ती पेटलेलीच. दारातून बघते तर कोट आईच्या मांडीवर, अर्धीमुर्धी बटणं कोटावर, बाकीची ओटीत, जमिनीवर दोऱ्याचे तुकडे आणि शेजारी कात्री. मावशी मागे पाणी भरायला गेलेली.

पुढचं सगळं इतक्या झटपट झालं की ताईला ते आठवतं तेही तुकड्यातुकड्यांत. तिनं कोट ओढून घेतला. आईच्या हातावर फटका बसला, तो मारला होता की लागला होता, हे तिनं नंतर स्वतःलाही विचारलं नाही.

"थांब," आई म्हणाली. "होतंय."

"काय होतंय? माझं वाटोळं होतंय. जन्मभर बटणं लावलीस आणि आता उपटायला बसलीस? यापुढे सुईला हात लावायचा नाही."

बटणांचा डबा, सुया, कात्री, सगळं कपाटावर गेलं. राहिलेली बटणं ताईनं रागारागात, किती ते न मोजता लावली आणि कोट दुसऱ्या दिवशी पोहोचवला. आईनं पुन्हा डबा मागितला नाही. मागितला असता तर ताईनं कदाचित दिलाही असता, पण ती मागे लागणारी बाई नव्हती. हात मांडीवर ठेवून खुर्चीत बसून राहायची. पुढचा हिवाळा तिनं पाहिला नाही.

आई गेल्यावर घरातला फोन कोणी वापरेना. मोबाइलचा दुकानदार जुना घेऊन नव्यावर सूट देत होता. धाकट्या भावानं लांबून फोनवरच बजावलं, "आधी आईचे फोटो कॉम्प्युटरवर घे. केबल लावून थेट कॉपी कर. पाठवापाठवी करत बसू नकोस." ताईनं केबल लावली. कॉम्प्युटरनं काहीतरी विचारलं, फोननं काहीतरी विचारलं, आणि दोघांना उत्तरं देण्याइतका वेळ ताईजवळ नव्हता. तिनं सगळे फोटो चॅटवर स्वतःलाच पाठवले आणि तिथून कॉम्प्युटरवर उतरवून घेतले. फोटो तो फोटो, दारातून आला काय आणि खिडकीतून आला काय. फोनमधलं सगळं पुसून तो दुकानात दिला आणि एक काम उरकलं म्हणून हात झटकले.

पुढे एका रिकाम्या दुपारी ती ते फोटो बघायला बसली. आजी जेवताना, आजी खिडकीशी. आणि मग राखाडी कोट.

दोन फोटो होते. एकात आईच्या मांडीवर कोट आणि कोटावर वरची दोन बटणं. दुसऱ्यात तोच कोट आणि वरची चार. दोन्हींत कात्री दिसत होती, दोन्हींत आईचं डोकं खाली वाकलेलं, ओठ दुमडलेले, जसे काम करताना असायचे. ताईनं आधी नुसतं पाहिलं. मग दोन्ही फोटो शेजारी-शेजारी लावले. आधी चार आणि मग दोन, असं असेल तर आई बटणं उपटत होती. पण आधी दोन आणि मग चार असं असेल तर?

कोणता फोटो आधीचा, एवढंच कळायला हवं होतं. तिनं तारखा शोधल्या. सगळ्या फोटोंवर एकच तारीख होती, तिनं ते उतरवले त्या दुपारची. आईच्या शेवटच्या वर्षाचे सगळे दिवस एका दुपारी घडल्यासारखे दिसत होते.

तिनं भावाला फोन लावला. त्यानं समजावून सांगितलं की फोटो काढला त्याची तारीख-वेळ त्या फोटोच्या पोटातच असते. केबलनं नेला की ती तशीच येते. चॅटवरून पाठवला की ती गळून पडते आणि वर फोटोही बारीक होतो. म्हणून तर सांगितलं होतं, असं तो म्हणाला. ताईनं फोटो मोठा करून पाहिला. आईची बोटं फुटून चौकोन चौकोन झाली. सुई होती की नव्हती, देव जाणे. दुकानात विचारलं तर फोन केव्हाच पुढे गेला होता. बैल गेला आणि झोपा केला.

मावशी आता दुसऱ्या कोणाच्या आजीजवळ बसत होती. ताईनं तिला गाठलं. मावशी म्हणाली, आजी बऱ्याच दिवसांनी खुशीत दिसली म्हणून दोनदा फोटो काढला, मधे स्वयंपाकघरात जाऊन आले. आधीचा कुठला ते आता कशी सांगू? मग म्हणाली, "तुम्ही इतक्या ओरडलात, की मी बाहेरच आले नाही."

त्यानंतर काही दिवस ताईनं तो विषय मनातून काढून टाकायचा प्रयत्न केला. उपटतच असणार, दुसरं काय, पडदासुद्धा उसवलाच होता. पण मशीनवर बसली की तिला ठाऊक असायचं की कोट अजून आहे. फोटोची तारीख गळाली, पण कापडातला टाका कुठे जातो? आईचा टाका कोणता आणि आपला कोणता हे तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. ती जात नव्हती ती भीतीनं. इतकं स्वतःशी कबूल केल्यावर मात्र तिला घरी बसवेना.

दवाखान्यात दोन माणसं गाल धरून बसली होती. दाराआडच्या खुंटीला कोट लटकत होता. डॉक्टरीणबाई तिला पाहून म्हणाल्या की बरं झालं आलात, मी येणारच होते.

"खालची दोन बटणं सारखी सुटतात हो. एकदा घरीच लावली, पुन्हा सुटली. आणि गंमत म्हणजे वरची चार दगडासारखी घट्ट आहेत."

ताईनं कोट खाली उतरवला. खालून दुसरं बटण एका सरळ दोऱ्यावर लोंबत होतं, सगळ्यात खालच्याच्या जागी टाचणी होती. तिनं वरच्या बटणाखाली अंगठा घातला. दोरा फुलीचा. खाली वेढे, घट्ट, एकाला एक लागून. गाठ दिसत नव्हती. दुसरं तसंच, तिसरं तसंच, चौथं तसंच. चौथ्याचे वेढे थोडे सैल आणि वेडेवाकडे होते, हात थकला असावा. पण गाठ तिथंही लपवलेली होती.

म्हणजे लेकीची सहाही बटणं आईनं बोटानं हलवून पाहिली होती, तोंड वाकडं केलं होतं आणि उसवून पुन्हा लावायला घेतली होती, नेहमीसारखी. डोक्यातून सगळं गेलं होतं, हे तेवढं राहिलं होतं. आणि ते ताईनं कपाटावर ठेवून दिलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय झालं? ताई म्हणाली, काही नाही, इथंच लावून देते. पदराला टोचलेली सुई तिनं काढली आणि गाल धरून बसलेल्या माणसांच्या शेजारी बसून फुलीचा टाका घातला. वेढे दिले. गाठ मारली, पण ती कापडात लपवायची कशी, हे तिला येईना. आईनं कधी शिकवलं नव्हतं असं नाही. हिनं कधी थांबून पाहिलं नव्हतं.

तिनं गाठ उसवली, पुन्हा घातली, पुन्हा उसवली. "होतंय का?" डॉक्टरीणबाईंनी आतून विचारलं. ताईनं सुईत पुन्हा दोरा ओवला. त्या दिवशी "होतंय" म्हणाली तेव्हा आईची दोनच बटणं लावायची राहिली होती.