खेप आणि राव

मी मुळात पळण्याच्या विरोधात आहे. फुटबॉल खेळणाऱ्याने असं म्हणणं शोभत नाही, पण सकाळी पेडण्याच्या एका मराठी शाळेत तिसरी-चौथीला एकाच खोलीत शिकवून, दुपारी स्कूटरवरून डिचोलीला घरी येऊन, चार घास गिळून पुन्हा पाळी गावच्या लाल मैदानावर उतरणाऱ्या छत्तीस वर्षांच्या माणसाला दोन-चार मतं बाळगायचा हक्क असतो. माझं मत असं होतं, की चेंडू आहे तो, येईल कधीतरी आपल्याकडे. मी मधल्या फळीत खेळायचो आणि वाट बघण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता.

त्या मोसमात आमच्या संघाला नवा कोच मिळाला. पाळीचाच माणूस. पन्नाशी उलटलेला, बुटका, मानेला कायम पंचा. तरुणपणी चांगला बचावपटू होता, मग वीसेक वर्षं खाणीवरचा टिपर चालवला, आणि खाणी बंद पडल्यावर एका गॅरेजात क्लचप्लेटा बदलू लागला. मोबाइलवर परदेशी सामने बघून त्याच्या डोक्यात हाय प्रेसिंग शिरलं होतं. म्हणजे चेंडू गेला तर मागे फिरायचं नाही. तिथेच, त्यांच्याच गोलापुढे, सगळ्यांनी मिळून अंगावर जायचं आणि तो परत घ्यायचा.

मी पहिल्याच दिवशी तोंड उघडलं. "असो खेळ खेळल्यार शिगम्यामेरेन अर्दी टीम खाटीर पडटली," म्हटलं. म्हणजे शिमग्यापर्यंत. शिगमा आमच्याकडे मार्चात, आणि मोसम तर त्याच्याही पुढे जातो.

तो माझ्या पायांकडे बघत म्हणाला, "मास्तर, धांवून कोण मरना. फुकट धांवून मरता."

मग त्याने ट्रकांची गोष्ट सांगितली. खाणीपासून जेटीपर्यंत माल टाकायचा आणि परत यायचं, ही एक खेप. पाऊस संपून खाणी सुरू झाल्या की सगळे ड्रायव्हर खेपांसाठी जिवाच्या आकांताने गाड्या हाणायचे, आणि मोसम संपायच्या आत निम्म्या गाड्या गॅरेजात उभ्या. सगळे म्हणायचे ओझ्याने मोडल्या. याचं म्हणणं वेगळं होतं. "भरिल्ली गाडी मोडना. रिती धांवडायतना मोडटा." भरलेल्या गाडीत वजन स्प्रिंगच्या सगळ्या पाट्यांवर सारखं बसतं. रिकामी गाडी खड्ड्याखड्ड्यांतून उडत येते आणि प्रत्येक दणका एकेका पाटीला एकटीने खावा लागतो. दहा जण मिळून एका चेंडूवर गेले तर ती भरलेली गाडी. एकटाच गेला तर रिकामी.

म्हणून त्याने दोन शब्द ठरवले. "खेप!" अशी हाक आली की सगळ्यांनी एकदम सुटायचं, मनात सहा मोजेपर्यंत. चेंडू नाही मिळाला तर तो "राव!" म्हणून ओरडायचा. राव म्हणजे आमच्या बोलीत थांब. मग आपापल्या जागी यायचं, उभं राहायचं, श्वास घ्यायचा. सामन्याच्या एका अर्ध्या भागात किती खेपा करायच्या हे तो आधीच ठरवून डाव्या खिशात तितके खडे घेऊन यायचा. प्रत्येक हाकेला एक खडा उजव्या खिशात. हे सगळं मला तेव्हा निव्वळ खुळेपणा वाटलं होतं.

आमच्यात एक कोल्हापूरकर होता. अठ्ठावीस वर्षांचा, डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करणारा, आघाडीला खेळणारा. कोल्हापुरात पेठापेठांमधून फुटबॉल असतो, तिथला तो. मोसमाच्या सुरुवातीलाच त्याने आम्हाला स्वच्छ सांगितलं होतं, की पुण्यातल्या एका खात्याच्या संघात खेळाडू घेतात, कायमची नोकरी देतात, आणि वयाच्या अटीत बसायचं त्याचं हे शेवटचं वर्ष आहे. खात्याची माणसं आमचा शेवटचा सामना बघायला येणार होती. तोवर पाय टिकले पाहिजेत, एवढंच त्याचं मागणं होतं.

आम्ही त्याला घाटी म्हणायचो. घाटावरून आलेला तो घाटी. ती काही शिवी नव्हे, असं आम्ही नेहमी म्हणतो. ज्याला म्हणतो त्याला मात्र कधी विचारत नाही. मीही म्हणायचो, आणि मी तर मराठी शिकवतो.

नाताळापर्यंत आम्ही धडाधड जिंकत होतो. डिचोली-पेडण्याचे लोक नाटकांत आणि भजनांत पुढे, फुटबॉल म्हणजे दक्षिणेकडच्या सासष्टी तालुक्याची मिरास, असं समजणाऱ्यांची तोंडं बंद झाली. आणि गंमत म्हणजे मी थकत नव्हतो. इतर वर्षी नाताळाच्या सुट्टीत माझे गुडघे वेगळ्या घरात राहायला गेल्यासारखे वागायचे. या वर्षी मी जिने चढत होतो. कोच माझ्याकडे बघून नुसता खिशातले खडे वाजवायचा. मला राग यायचा, कारण त्याचं बरोबर होतं.

थकत होता तो एकटा कोल्हापूरकर. "खेप!" म्हटलं की तो पळायचाच, पण "राव!" म्हटलं की दुप्पट पळायचा. आम्ही दहा जण जागेवर उभे, आणि हा एकटाच त्यांच्या चार बचावपटूंमधून इकडून तिकडे. कोच आणखी मोठ्याने ओरडायचा, "राव! राव!" हा मान खाली घालून आणखी जोरात सुटायचा. जानेवारीत त्याच्या मांडीला पट्टी आली. फेब्रुवारीत दोन्ही मांड्यांना. सामन्याच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत त्याच्या पोटऱ्या वळायच्या आणि आम्ही त्या वेळात गोल खायचो. त्याच्या बुटाचा तळ उसवला तेव्हा कोचने ताडपत्री शिवायच्या दाभणाने आणि दोऱ्याने तो शिवून दिला. पण त्याला बाहेर काही बसवलं नाही. "आयकना तो," एवढंच म्हणायचा. पळणाऱ्या माणसाला शिक्षा द्यायला त्याची जीभ वळत नव्हती.

एका सामन्यानंतर मी कोल्हापूरकराला डिचोलीच्या बाजारातल्या हॉटेलात घेऊन गेलो. उंडे, म्हणजे आमच्याकडचे गोल पाव, आणि पातळ भाजी मागवली. तो एक पाय लांब करून बसला होता. मी शिक्षकी आवाजात विचारलं, "शेवटच्या सामन्याआधीच मोडायचं ठरवलंय काय? कोच इतकं सांगतो, तर थांबत का नाहीस?"

"थांबू कसा, मास्तर?" तो म्हणाला. "सर एवढं हाक मारत्यात की."

"हाक कसली?"

तो जरा लाजला. उंड्याचा तुकडा भाजीत बुडवून तसाच धरून ठेवला. "फॅक्टरीत मी घाटी. खोलीवर घाटी. तुमी बी घाटीच म्हणतासा. हितं तर कुणी कुणाला अहो-जाहो बी करत न्हाई. एकटं सरच मला राव म्हणत्यात. ते बी भर मैदानात, सगळ्या लोकांपुढं. राव, राव! आता एवढा मान दिल्यावर माणसानं थांबायचं व्हय?"

पाच महिने तो शब्द माझ्या कानावर पडत होता. घाटावर राव म्हणजे काय हे मला ठाऊक होतं, आमच्याकडे राव म्हणजे काय हेही ठाऊक होतं, आणि त्या दोन्हींच्या मधे एक माणूस तुटत चालला होता हे माझ्या ध्यानात आलं नाही. क्षणभर वाटलं, सांगूच नये. त्याच्याजवळ इथे तेवढी एकच गोष्ट होती. पण त्याचा लांब केलेला पाय माझ्या खुर्चीला टेकला होता आणि तो थरथरत होता.

मी सांगितलं. राव म्हणजे थांब.

तो आधी इतका मोठ्याने हसला, की गल्ल्यावरच्या माणसाने मान वर केली. मग हसणं संपलं. त्याने हातातला तुकडा ताटलीत ठेवला.

"म्हंजे मला न्हवतं ते," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी शाळा सुटल्यावर थेट गॅरेज गाठलं. कोच एका ट्रकखाली आडवा होता, बाहेर नुसते पाय. मी वाकून सगळं सांगितलं. पान्याचा आवाज थांबला.

"इतलो धांवलो तो," खालून आवाज आला, "एका उतराखातीर?"

"होय, एका शब्दाखातर."

"आनी हांव ताका हट्टी म्हणटालों."

त्या संध्याकाळी सरावाला त्याने सगळ्यांना गोल उभं केलं. आजपासून थांबायची हाक "राव" नाही, "न्यूट्रल". ट्रकवाल्याला दुसरं काय सुचणार? मोसमाचे शेवटचे चार सामने उरले होते, सगळ्यांच्या अंगात तो शब्द मुरलेला, आणि हा बाबा हाकच बदलतोय. गोलकीपर म्हणाला, "आनी राव?" कोचने पंचाने तोंड पुसलं आणि कोल्हापूरकराकडे बोट केलं. "राव आतां ह्याचो." घाटी या शब्दाबद्दल तो काहीच बोलला नाही. पण त्या दिवसानंतर मैदानावर तो शब्द कोणाच्या तोंडून निघाला नाही. माझ्या तर नाहीच.

याची किंमत आम्ही पुढच्याच सामन्यात मोजली. कोच ओरडला, "राव, दावे वटेन!" म्हणजे राव, डावीकडे जा. राव डावीकडे गेला, आणि आम्ही दहा जण सवयीने जागच्या जागी खांबासारखे उभे. समोरच्यांनी आमच्यामधून चालत जाऊन गोल केला. प्रेक्षक पोट धरून हसले. मध्यंतरात मी खवळून म्हटलं, की एका माणसाच्या मानापायी सगळ्या संघाचा बट्ट्याबोळ चाललाय. कोच म्हणाला, "गोल परत मारूं येता, मास्तर." आयुष्यात मला गप्प बसवणारी माणसं फार थोडी भेटली आहेत आणि ती सगळी मला आवडतात.

शेवटच्या सामन्याला खात्याची दोन माणसं आंब्याखाली खुर्च्या टाकून बसली होती. एकाच्या मांडीवर वही. जिंकलो तर आम्ही वरच्या गटात जाणार होतो. कोचने "न्यूट्रल!" म्हटलं की कोल्हापूरकर थांबायचा, कमरेवर हात ठेवून. इतकं पळलेला हा माणूस, नेमका आजच उभा राहतोय, ती माणसं काय लिहीत असतील? विश्रांतीपर्यंत त्यांनी फारसं काही लिहिलंच नव्हतं. आम्ही एका गोलाने मागे होतो.

शेवटची दहा मिनिटं उरली तेव्हा समोरच्यांच्या जिभा बाहेर आल्या होत्या. मी कोचच्या डाव्या खिशाकडे बघितलं. तो फुगलेला होता. एवढे खडे त्याने या दहा मिनिटांसाठी राखून ठेवले होते. "खेप!" आम्ही सुटलो. "खेप!" पुन्हा सुटलो. तिसऱ्या हाकेला त्यांच्या बचावपटूने दमून चेंडू जरा लांब ढकलला, आणि कोल्हापूरकर तिथे होता. चेंडू काढून घेतला, एकाला चुकवलं, जाळ्यात मारला. मोसमाच्या शेवटच्या दिवशी, त्या मांड्यांवर, तो वाऱ्यासारखा गेला. मी त्याच्या पाठोपाठ पळत होतो आणि आनंदाने ओरडत होतो, हे मला नंतर इतरांनी सांगितलं.

बरोबरी झाली. वरच्या गटात आम्ही गेलो नाही आणि त्याचं वाईट वाटलं ते वाटलंच. पण वहीत त्या माणसाने बरंच लिहिलं होतं. महिन्याभरात कोल्हापूरकराला पुण्याहून पत्र आलं.

तो निघाला तेव्हा कोच आणि मी त्याला म्हापशाच्या स्टँडवर पोचवायला गेलो. शुक्रवार होता, बाजाराचा दिवस, स्टँडपर्यंत मिरच्यांच्या आणि केळ्यांच्या पाट्या. कोल्हापूरची लाल गाडी आली, राव चढला, गाडी हलली, आणि तेवढ्यात मला बाकाखाली त्याची बुटांची पिशवी दिसली. दाभणाने शिवलेले तेच बूट.

मी काही म्हणायच्या आत कोचने पिशवी उचलली होती आणि तो पळत सुटला होता. सबंध मोसमात मैदानाच्या कडेची जागा न सोडलेला माणूस, पंचा उडवत, पाट्यांवरून उड्या मारत, "राव! राव!" म्हणून ओरडत. दारातल्या कंडक्टरला वाटलं निरोप देतायत. तो घाटावरचा. त्याने हसून हात हलवला, "या राव, या!" म्हणाला आणि डबल बेल दिली. गाडीने वेग घेतला.

तेव्हा आतून कोल्हापूरकराचा आवाज आला. "अहो, गाडी थांबवा! थांब म्हणत्यात ते, थांब!"

गाडी करकचून थांबली. मी पोचलो तोवर कोच खिडकीखाली गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होता. पिशवी वर गेली होती. कोल्हापूरकर खिडकीतून अर्धा बाहेर वाकला होता, आणि त्याचे डोळे भरलेले होते.

"सर," तो म्हणाला, "थांब म्हणालासा, का राव म्हणालासा?"

कोचला श्वास पुरेना. त्याने मान वर केली, दोन बोटं दाखवली, आणि मग कसाबसा तो शब्द काढला.

"दोनूय."