वीस जागा, डोळे उघडे ठेवून

लालबागच्या आमच्या धातुतपासणीच्या प्रयोगशाळेत एक नियम होता. सूक्ष्मदर्शकाखालचा नमुना सरकवताना डोळा काचेवरून काढायचा. स्क्रू फिरवायचा, थांबायचं, मगच पाहायचं. आतल्या काचेवर पंचवीस फुल्यांची जाळी असे. भट्टीत नीट कडक झालेलं पोलाद ॲसिड लावल्यावर काळपट दिसतं, मऊ राहिलेला भाग पांढरा. पांढऱ्यावर किती फुल्या पडल्या ते मोजायचं. काठावरची फुली अर्धी. अशा वीस जागा. पांढरं शंभरात दहाच्या वर गेलं की माल नापास.

शिवडीच्या एका गोदामात माल चढवणाऱ्या हॉइस्टच्या, हुक पेलणाऱ्या पिना तपासायला आल्या, तेव्हा पांढरं चौदा भरलं. भट्टी माझ्या मित्राची. काळाचौकीच्या एकाच चाळीत वाढलेलो आम्ही. त्याचा आधीचा लॉटही परत गेला होता. हा गेला तर गिऱ्हाईक सुटणार आणि भट्टी थंड पडणार, हे मला ठाऊक होतं. तो टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"परत एकदा मोज मरे. सकाळपासून बघतंस, डोळे दमले असतले तुझे."

"दमल्या डोळ्यांना कमी दिसतं. जास्त नाही."

"तुका लहानपणापासून माझा वाईटच जास्त दिसता."

हसलो आम्ही. पुन्हा मोजणं नियमात बसत होतं. फक्त या वेळी स्क्रू फिरवताना मी डोळा काढला नाही. पांढरा पट्टा आला की पुढे सरकायचो, काळं दाट दिसलं की थांबायचो. एकही आकडा खोटा लिहिला नाही. पांढरं आठ आलं. मी सही केली.

तो नमुना, बेकलाइटच्या टणक प्लास्टिकमध्ये बसवलेला रुपयाएवढा तुकडा, मी खिशात घालून घरी आणला. असलं पोलाद लगेच तुटत नाही. वर्षानुवर्षं थोडं थोडं खचतं. म्हणून माझी भीतीही वर्षांबरोबर वाढत गेली. जेवताना शिवडीकडे जाणाऱ्या ॲम्ब्युलन्सचा भोंगा ऐकू आला की हातातला घास तसाच राहायचा.

"तुमचं कोण आहे तिकडे?" बायको विचारायची.

"कोणी नाही," मी म्हणायचो.

यंदा मित्र गेला. भट्टी केव्हाच बंद झाली होती. आता त्याच्या नावावर गप्प राहण्याची सोय उरली नाही. नमुना घेऊन प्रयोगशाळेत गेलो. तिथे आता काम पाहणाऱ्या मुलीने तो पुन्हा घासून, ॲसिड लावून तयार केला.

"सर, फोटो काढून कॉम्प्युटरवर टाकते. दोन मिनिटांत टक्केवारी येईल."

"टाक. जागा मात्र तू घे. मी पाठ करून बसतो."

पंधरा आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवडीला गेलो. हॉइस्ट चालूच होता. त्याच पिना, खाली तीन माणसं हात वर करून गोणी धरायला उभी. मुकादमाला सगळं सांगितलं, प्रयोगशाळेचा नवा कागद दाखवला.

"एवढी वर्षं चाललाय, आजोबा. काय झालं का?"

"म्हणूनच घाबरलोय."

"शेठना फोन लावतो. दुपारी येतील."

"तोवर बंद ठेवा."

"गाडी उभी आहे बाहेर. बाजूला व्हा बघू."

माणसं बाजूला झाली होती, हुक रिकामा वर गेला होता. मी त्याच्या बरोबर खाली जाऊन उभा राहिलो. माणूस खाली असताना हॉइस्ट चालवायचा नाही, हा त्यांचा नियम. भिंतीवरच लिहिलेला होता. मान वर करून मी पिनेकडे पाहत राहिलो.

"म्हातारा येडा आहे काय रे!" कुणीतरी ओरडलं. मुकादमाने शिवी घातली आणि बटण बंद केलं.

शेठ यायला तीन वाजले. मधे त्या तिघांपैकी एकाने खुर्ची आणून दिली, "बसा, पडाल," म्हणाला. मी ती हुकाखालीच मांडली. शेठनी कागद वाचून पिना उतरवायला लावल्या आणि त्या माझ्या समोर फडक्यावर ठेवल्या, तेव्हा उठलो.