ताट ठेवा, बेल वाजवा, पळा

थांबा, आधी हे ऐका. उद्या नाताळ, घरात ढीगभर कामं पडलीयत, वहिनीने मला केकच्या भांड्याला तूप लावायला बसवलं होतं आणि मी तशीच तुपकट बोटांनी फोन घेऊन बाल्कनीत पळून आलेय. कारण हे आत्ताच्या आत्ता नाही सांगितलं तर माझं पोट फुटेल.

आम्ही जिंकलो! आम्ही म्हणजे मी आणि माझ्या दादाची दोन पोरं. मोठी सहा वर्षांची, धाकटा चार. कालच याच पोरांनी आमच्या घराची लाज घालवली होती.

नीट सांगते. आम्ही दिघीत राहतो, चार मजल्यांच्या, बिनलिफ्टच्या बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. मूळचे नगरकडचे. बारा घरांमध्ये नाताळ करणारं घर आमचं एकटंच. दिवाळीत अकरा घरांचा फराळ आमच्याकडे येतो, इतका की आमचा नाश्ता पंधरा दिवस चिवडाच. आणि नाताळात आमच्याकडून अकरा ताटं जातात. करंज्या, चकल्या, शंकरपाळी आणि नानकटाई. नानकटाई आम्ही कोपऱ्यावरच्या बेकरीतून भाजून आणतो. पीठ, तूप, साखर आपली, भट्टी त्यांची, आणि आपला ट्रे ओळखू यावा म्हणून आई त्याला लाल रिबीन बांधते.

आईसाठी ही ताटं म्हणजे काय आहे हे आधी समजून घ्या. आम्ही इथे नवीन आलो तेव्हा आमच्याशी कुणी फारसं बोलायचं नाही. आई एकटी ताटं घेऊन जिने चढली, उतरली, आणि पुढच्या दिवाळीला पहिलं ताट आमच्या दारात आलं. नंतर मी आणि दादा ताटं न्यायला लागलो. यंदा आईचे गुडघे पार गेले, आणि तिनेच जाहीर केलं, "आता पोरं नेतील. मोठी झालीत." धाकट्याने तर त्यासाठी नवा शर्ट घातला, मागून अर्धा बाहेर आलेला.

पहिलं ताट समोरच्या काकूंकडे. मी आमच्या दारातून बघत होते. काकूंनी ताट घेतलं, "अरे वा, मेरी ख्रिसमस हं बाळांनो," म्हणाल्या. पोरं हलेनात. काकू थांबल्या. मग धाकटा एकदम स्पष्ट आवाजात म्हणाला, "काकू, रिटर्न गिफ्ट?"

काकू हसून लोटपोट. आतून दोन चॉकलेटं आणून दिली. मीही हसले, खोटं कशाला बोलू. तिथेच मी चुकले.

कारण खाली दुसऱ्या मजल्यावर दोन घरांत पोरांनी हाच कार्यक्रम केला, आणि तिथेही मिळालं! मग तळमजला. तिथे लातूरकडचं एक नवीन जोडपं भाड्याने आलंय. नवरा चाकणला कंपनीत, कायम ओव्हरटाइमला, आणि ताई सहा महिन्यांच्या बाळाला घेऊन दिवसभर एकटी. पोरं तिच्या दारात गेली आणि मी जिन्यात होते. ती बिचारी आत जाऊन डबे उघडून आली. काहीच नव्हतं. मग तिने आमच्याच ताटातली एक-एक चकली दोघांच्या हातावर ठेवली.

धाकटा म्हणाला, "ही तर आमचीच आहे."

आणि मोठी, आमची शहाणी, म्हणाली, "असू दे काकू. उद्या दिलं तरी चालेल."

मी दोघांना बखोटीला धरून वर आणलं. पण संध्याकाळी बेल वाजली. दारात तीच ताई, कडेवर बाळ, हातात नवी खेळण्यातली गाडी आणि एक चकचकीत हेअरबँड. "लेकरं मागून गेले बगा, आन् घरात काईच नव्हतं. मलाच कसंतरी झालं. म्हनलं, घिऊन यावं." त्या एवढ्याशा बाळाला घेऊन ती बाजारात जाऊन आली होती!

 आईने तिला आत बोलावलं, बाळाला मांडीवर घेतलं, चहा पाजला. ती गेल्यावर आईने दार लावलं आणि म्हणाली, "उरलेली सात ताटं मी नेणार. ही पोरं आता कुणाच्याही दारात जाणार नाहीत."

"आई, गुडघे?"

"गुडघे माझे आहेत. इतकी वर्षं दिलं, कुणाकडे काही मागितलं नाही. आता लोकांना वाटेल, ह्यांनी वसुलीला पाठवली पोरं."

मोठी रडत रडत म्हणाली, "पण आजी, तू पण दिवाळीचं ताट परत करताना त्यात साखर घालतेस ना? रिकामं द्यायचं नसतं म्हणतेस ना?"

बरोबर होतं हो तिचं!  आई म्हणाली, "ती साखर आपण आपल्या मनाने घालतो. समोरचा दारात उभा राहून मागतो का?"

आणि आता वहिनी. वहिनीने माझ्याकडे बघितलं. "घरात पोतंभर रिटर्न गिफ्टं पडलेली असतात, पोरं दुसरं काय शिकणार?" झालं! तर मी घरून एक छोटा धंदा करते. लोकांच्या मुलांच्या वाढदिवसांसाठी रिटर्न गिफ्टची पाकिटं बनवायची, पेन्सिल, खोडरबर, टिकल्या-टिकल्यांची पाऊच, वगैरे. दोन्ही पोरं माझ्या शेजारी बसून पाकिटं भरायला मदत करतात. म्हणजे त्यांच्यासाठी देणं म्हणजे एका हाताने दिलं की दुसऱ्या हाताने घ्यायचंच. हा रोग मीच पसरवला होता.

म्हणून मी आईला शब्द दिला. "मला उद्या दुपारपर्यंत वेळ दे. पोरंच ताटं नेतील, आणि काही मागणार नाहीत. नाही जमलं तर मी स्वतः सात वेळा चढ-उतार करीन, तू नाही."

"बघू," आई म्हणाली. आमच्या आईचं 'बघू' म्हणजे नाहीच.

आज सकाळी मी सुरुवात केली भाषणाने. म्हटलं, बघा, गव्हाणीत बाळ येशू होता, मग ते ज्ञानी लोक लांबून उंटावरून सोनं, ऊद, गंधरस घेऊन आले, द्यायला. प्रेमाने.

धाकट्याने नीट ऐकलं. मग विचारलं, "त्यांना रिटर्न गिफ्ट काय मिळालं?"

दादा फर्स्ट शिफ्टला निघाला होता, बुटाची लेस बांधता बांधता खो-खो हसला. "राव, पॉइंट आहे त्याचा! दे उत्तर." आणि गेला निघून कंपनीच्या बसला. भाऊ म्हणून काडीचा उपयोग नाही.

मी किती तरी बोलले. 'देण्यात आनंद असतो' वगैरे सगळं. पोरं मान डोलावत होती आणि त्यांचं लक्ष खिडकीतल्या कबुतराकडे. मला रडू यायला लागलं होतं, खरंच. आई स्वयंपाकघरात सात ताटांवर रुमाल झाकत होती, आणि मधूनच गुडघा चोळत होती.

आणि तेवढ्यात खाली कुणाच्या तरी दाराची बेल वाजली, पाठोपाठ पळणारे पाय, आणि एक बाई ओरडली, "कोण आहे रे कार्टं!" आमच्या बिल्डिंगमधल्या पोरांचा हा आवडता धंदा आहे, बेल वाजवून पळायचं. आमच्या दोघांना कडक बंदी. दोघांचे डोळे बघायला हवे होते तुम्ही, चमकले नुसते.

आणि माझ्या डोक्यात आलं!

म्हटलं, "आज तुम्हालाही बेल वाजवून पळायची परवानगी आहे."

"खरं?"

"खरं. पण पळायच्या आधी दारात डिश ठेवायची. आणि कुणाला दिसायचं नाही. दिसलात की आऊट."

मी पळत जाऊन कागदी डिशा आणल्या. आईने त्या बघितल्या आणि वैतागली. "कागदी डिशमध्ये? भंडारा आहे का?" मी म्हटलं, आई, स्टीलचं ताट दिलं की ते परत आणायला जावं लागतं, आणि परत आलं की त्यात काहीतरी असतं. कागदी डिश परत येणारच नाही. आईने स्वतःच्या हाताने प्रत्येक डिशमध्ये एक-एक करंजी जास्त ठेवली. मला कळलं.

पहिलं घर चौथ्या मजल्यावर, रिटायर्ड काकांचं. मोठीने डिश ठेवली, धाकट्याने बेल दाबली, आणि आम्ही तिघं अर्धा जिना खाली, एकमेकांच्या तोंडावर हात ठेवून. काका बाहेर आले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, खाली बघितलं. इतके खडूस काका, आणि त्यांनी तिथेच उभं राहून एक शंकरपाळं तोंडात टाकलं, डोळे मिटून चावलं, दुसरं टाकलं, आणि मग गुपचूप दार लावलं. धाकटा माझ्या कुशीत हसून हसून थरथरत होता. "आत्या, ते हसले! काका हसले!"

शेजारच्या घरात इंजिनियरिंगची चार पोरं राहतात. एकाने दार उघडलं आणि आत ओरडला, "भावांनो, उठा! चकली आलीय! कोण हाय रे हा देवमाणूस?" आमच्या मोठीची मान अशी ताठ झाली की काय सांगू. देवमाणूस म्हणजे ती!

पहिल्या मजल्यावर त्या ओरडणाऱ्या बाई. दार उघडून "पुन्हा आली का कार्टी..." एवढंच बोलल्या आणि डिश दिसली. अर्धं वाक्य तसंच तोंडात. मग हळू आवाजात, "अगं बाई." त्या डिश छातीशी धरून आत गेल्या. सात घरं! एकदाही, एकदाही कुणी 'रिटर्न गिफ्ट' हा शब्द काढला नाही. कुणाकडे काढणार?

मी म्हटलं, चला, संपलं, जिंकलो. तर मोठी जिन्यातच बसली.

"खालच्या काकूंचं राहिलं."

"त्यांना कालच दिलं ना आपण."

"ते चुकीचं दिलं," ती म्हणाली. "ते मोजायचं नाही."

आणि धाकटा म्हणाला, "त्यांचं तोंड तेव्हा रडकं झालं होतं. आता हसतात का बघू."

मी त्यांना हे सांगितलं नव्हतं. शपथ. मी वर पळत गेले, आईला म्हटलं अजून एक डिश. आईने 'कुणासाठी' विचारलं, मी सांगितलं, आणि ती भिंत धरून धरून माझ्या मागे जिन्यापर्यंत आली.

पोरं खाली गेली. धाकटा बेलकडे हात नेणार, तेवढ्यात दार आतूनच उघडलं. ताई, कचऱ्याची पिशवी हातात. पकडले गेले! डिश मोठीच्या हातात तशीच. ताईचा चेहरा क्षणभर घाबरल्यासारखा झाला, मला जिन्यातून दिसला. "थांबा लेकरांनो, थांबा, काईतरी देते तुम्हाला..." आणि ती वळली आत.

"नको!" धाकटा किंचाळला, इतक्या जोरात की वर काकांनी दार उघडलं असणार. "काही देऊ नका! आपण हरू!" मोठीने डिश ताईच्या हातात कोंबली, "काकू, तुम्ही फक्त हसा," म्हणाली, आणि दोघं जी सुटली वर, चपला खालीच.

ताई हसली. मोठ्याने, कचऱ्याची पिशवी एका हातात आणि डिश दुसऱ्या हातात, आतलं बाळ जागं होईपर्यंत हसली. वर आई कठड्याला धरून उभी होती, ती पण हसत होती, आणि खाली वाकून म्हणाली, "अगं, बाळाला घेऊन ये उद्या जेवायला. आणि येताना काही आणायचं नाही हं, नाहीतर माझी नातवंडं घरात घेणार नाहीत." "यीन की काकू!" खालून आवाज आला.

पोरं धापा टाकत आईच्या पायाशी येऊन पडली. आई म्हणाली, "पुढच्या वर्षी पण हीच नेतील." मग माझ्याकडे न बघता, "आणि कागदी डिशा आधीच आणून ठेव." मला आख्ख्या वर्षात एवढी मोठी शाबासकी मिळालेली नाही.

वहिनी आतून ओरडतेय, केकचं भांडं. जाते. पण आधी मला सांगा ना, तुमच्या पोरांनी पण कधी तुम्हाला आधी अख्ख्या बिल्डिंगसमोर तोंडघशी पाडलंय, आणि मग तुम्ही शिकवलं त्याच्या एक पायरी पुढे ती स्वतःहून गेलीयत? झालंय का कुणाकडे असं? लिहा, मी वाट बघतेय.