सांध्याला तेल
झेंडू आणि मशीनच्या तेलाचा वास एकत्र आला की मला आमच्या मळवलीकडची बंद लाईन आठवते. भातखाचरांतून जाणाऱ्या त्या लाईनीवर पूर्वी दोन डब्यांची गाडी चालायची. ती बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, रूळ गवतात बुडाले होते, तरी तिथले निवृत्त सांधेवाले आबा दर दसऱ्याला शेवटच्या स्टेशनात जायचेच. एका दसऱ्याला मीही बरोबर गेलो. लोंब्यांवर आलेल्या भाताचा वास सुटला होता. आबांनी रूळ बदलायचा लोखंडी खटका धोतराच्या सोग्यानं पुसला, सांध्यात तेल सोडलं, झेंडूचा हार घातला. मी कॉलेजात जाणारा, म्हणजे शहाणाच. "आबा, गाडी कुटं यायचीय आता?" असं म्हणून हसलो. त्यांनी खटका ओढला आणि रूळ खडखडत सरकले. "न्हाई आली तर न्हाई," ते म्हणाले, "पर आली तर आपल्या सांध्यापायी अडाया नको." हसल्याची लाज वाटली. पुढं आबा गेले. यंदा दसऱ्यानंतर दोनच दिवसांनी, लाईन पुन्हा सुरू करता येईल का ते बघायला साहेब लोक आले. गंजला असेल म्हणून एकानं खटक्याला सगळा जोर लावला, तर तो इतका सहज आला की साहेब पडता पडता वाचले. "इथं तेल कोण घालतं?" त्यांनी विचारलं. भोवती जमलेले गावकरी एकमेकांकडे बघू लागले. माझ्या नखांत दसऱ्याचं काळं तेल अजून होतं. मी हात पाठीमागे घेतले.